शिशाची वजनं सुरकुतलेली, अर्धवट निघतात? जुन्या साच्याला कानस लावण्याआधी हे तपासा

गरीची वजनं आणि पागेराचे (फेकून मारायच्या जाळ्याचे) मणी घरी ओतणाऱ्यांची ही तक्रार दर पावसाळ्यात वाढते, आणि ते साहजिकच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, हाताशी वेळ. मग माळ्यावरचा साचा खाली येतो. नेमक्या याच दोन महिन्यांत गोव्याच्या हवेत ओल भरपूर असते, आणि शिशाच्या ओतकामाचं ओलीशी अजिबात जमत नाही. पहिली पाच-सहा वजनं सुरकुतलेली निघाली की ‘साचा गेला’ असा निकाल लागतो आणि कानस किंवा काचकागद हातात येतो. चांगला साचा खरा बिघडतो तो तिथे. वजन वाईट येण्याचं कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं: साचा थंड, साच्यात तेल, किंवा शिशात भेसळ. तिन्ही गोष्टी पैसे न घालता तपासता येतात.

हे सगळं दोन पाळ्यांच्या (म्हणजे मिटणाऱ्या दोन अर्ध्यांच्या) जुन्या साच्यांबद्दल आहे. लोखंडी, पितळी किंवा ॲल्युमिनियमचा, हँडलवाला, वर सरकणारी कापपट्टी (ओतायच्या भोकावरचं जास्तीचं शिसं कापणारी पट्टी) असलेला किंवा नसलेला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, भंगारात, जुन्या घरांच्या सामानात असे साचे अजून मिळतात.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. जुन्या घरात कधी कधी ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्या ओतायचा, चिमट्याच्या घडणीचा छोटा साचा सापडतो. त्याची रचना तीच आणि दुखणीही तीच, म्हणून ‘गोल मणी ओतायला चालेल’ असं वाटतं. पण शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येतच तो बनवायची यंत्रसामग्री धरली आहे, आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. असा साचा तापवू नका, विकू नका, कुणाला देऊही नका. आहे तसा ठेवून वकिलाला किंवा पोलीस ठाण्यात विचारा. इथून पुढे साचा म्हणजे मासेमारीच्या वजनांचा साचा.

लक्षणं

वजन हातात घेऊन उजेडात फिरवा. दोष कुठे आहे आणि कसा दिसतो, यावरून अर्धं निदान होतं.

अंगभर बारीक सुरकुत्या, पण आकार पूर्ण: साचा किंवा शिसं थंड, नाहीतर साच्यात तेल. दोन्हींच्या सुरकुत्या सारख्याच दिसतात, पण एक फरक आहे. थंडपणाच्या सुरकुत्या आठ-दहा वजनांनंतर आपोआप कमी होतात, तेलाच्या त्याच जागी पुन्हा पुन्हा येतात.

कडा गोलसर, टोक भरलेलं नाही, साच्यातला आकडा वजनावर उमटलेला नाही: थंडपणा, किंवा हवा बाहेर जायच्या बारीक रेघा बुजलेल्या.

वरच्या तोंडाशी खड्डा, किंवा कापल्यावर आत पोकळी: शिसं आकसलं आणि वरून भर मिळाली नाही.

पृष्ठभाग पांढुरका, दाणेदार, चमक नाही, पण आकार चोख: साचा जास्त गरम. वजनाच्या कामात हा दोष धरायचंही कारण नाही.

जोडावर पातळ पापुद्रा: साचा पूर्ण मिटत नाही. जोडावर पापुद्रा नाही पण पायरी आहे, म्हणजे एक अर्धा दुसऱ्यापेक्षा सरकलेला: दोन्ही अर्धे नेमके जुळवणाऱ्या खुंट्या झिजल्या.

वजन साच्यातून सुटत नाही, एकाच बाजूला अडकतं: कडेला बारीक बूर, म्हणजे धातूची वळलेली धार.

आणि भांड्यातलं शिसंच नीट वाहत नसेल, उपम्यासारखं दाणेदार झालं असेल, तर साच्याकडे बघूच नका. भांड्यात जस्त गेलं आहे.

सुरू करण्याआधी: पाणी

हे तपासणीच्या क्रमात नाही, कारण ते पर्यायी नाही. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १७०० पट फुगतं. वितळलेल्या शिशाच्या वर थेंब पडला तर तो बहुधा चुरचुरून उडून जातो. तोच थेंब शिशाच्या खाली अडकला तर अख्खं भांडं वर उडतं. म्हणून ओलीचा धोका वरून येणाऱ्या थेंबापेक्षा आत टाकल्या जाणाऱ्या वस्तूंत जास्त असतो: थंड पळी, ओला चिमटा, भिजलेली जुनी वजनं.

जाळ्यातून काढलेल्या जुन्या वजनांवर चुन्याचा थर, शिंपल्यांचे तुकडे, भोकात वाळू आणि खारट पाणी असतं. बाहेरून कोरडं दिसलं तरी आत ओल राहते. असा माल नेहमी थंड भांड्यात भरून मंद आचेवर चढवा, वर जाड पत्र्याचं झाकण ठेवा आणि पहिली वीस मिनिटं दूर राहा. वितळलेल्या शिशात नवा तुकडा टाकायचा असेल तर तो आधी भांड्याच्या कडेवर ठेवून चांगला तापू द्या, मग चिमट्याने अलगद सोडा. पळीही प्रत्येक वेळी कडेवर तापवूनच बुडवा.

जागा छपराखाली पण तीन बाजूंनी उघडी हवी, आणि वारा पाठीकडून यायला हवा. जुन्या कौलांखाली बसणार असाल तर आधी वर बघा. गळकं कौल भांड्याच्या बरोबर वर नको. पायात बूट, सुती पूर्ण पँट, डोळ्यांना गॉगल, हातात कोरडे चामड्याचे मोजे. रेनकोट किंवा नायलॉनचे कपडे अंगावर नकोत, शिसं उडालं तर ते कातडीला चिकटतात.

पहिली तपासणी: उष्णता (खर्च शून्य)

शिसं ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळतं. वितळलं म्हणजे ओतायला तयार झालं, हा समज बऱ्याच वाया गेलेल्या वजनांच्या मुळाशी आहे. ओतण्यासाठी ३५० ते ४०० अंश हवेत, म्हणजे पळीतून साच्यापर्यंतच्या प्रवासात ते गोठायला लागत नाही. ४५० च्या वर नेऊ नका: धूर वाढतो, राख (शिशावर जमणारी साय) जास्त बनते आणि फायदा काहीच नाही. तापमापक नसेल तर पृष्ठभाग बघा. शुद्ध शिशावर राख बाजूला केल्यावर लगेच पिवळा, मग जांभळा-निळा रंग चढू लागला तर आच जास्त आहे. के-टाइप प्रोबचा (वितळलेल्या शिशात बुडवून तापमान दाखवणारा) साधा मीटर मिळाला तर घ्या, अंदाजाचा खेळ संपतो.

पण शिशापेक्षा साच्याची उष्णता जास्त महत्त्वाची. थंड धातूला लागताच शिशाची कातडी गोठते, मागून येणारं शिसं तिच्यावर चढतं, तीच सुरकुती. लोखंडी साच्याला तापायला वेळ लागतो आणि तो उष्णता धरून ठेवतो. ॲल्युमिनियम पटकन तापतं आणि पटकन निवतंही, त्यामुळे मध्येच बोलत बसलात तर पुन्हा सुरुवात. पितळ या दोन्हींच्या मधलं.

साचा गॅसच्या ज्योतीवर थेट तापवणारे पुष्कळ आहेत. त्यात एक गोम आहे. गॅस जळताना पाण्याची वाफ बनते, आणि थंड साचा ज्योतीवर धरला की पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याच्यावर चक्क घाम येतो. पावसाळ्यात तो जास्तच दिसतो. साचा उघडा धरून हा घाम पूर्ण उडेपर्यंत थांबा. त्याहून बरं म्हणजे शेगडीवर जाड लोखंडी तवा ठेवून त्यावर साचा मिटून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. तवा या कामाचाच, पुन्हा भाकरीला नाही.

साचा पुरेसा तापला की नाही, हे कापपट्टीवरचं शिसं सांगतं. ओतून झाल्यावर वरचा गोळा चमकदार असतो, मग एकदम त्याची चमक मरते. ३० ते ५० ग्रॅमच्या वजनासाठी हे चार-पाच ते आठ-दहा सेकंदांत व्हायला हवं. लागताच गोठलं तर साचा थंड. पंधरा सेकंद झाले तरी ओलं दिसतंय तर जास्त गरम. साचा उघडून अर्धा मिनिट कोरड्या फळीवर ठेवा. पाण्यात बुडवून थंड करायचा विचारही नको. लोखंडी साचा तडकतो किंवा वाकतो, आणि आत राहिलेला थेंब पुढच्या ओतण्याला उडतो.

पहिली आठ-दहा वजनं परत भांड्यात जाणारच आहेत. ती बघून निदान करू नका.

ओतण्याची पद्धतही इथेच सुधारून घ्या. धार एकसारखी, मध्ये न थांबता. पळीचं तोंड भोकाजवळ, उंचावरून नाही. भोक भरल्यावरही थोडं ओतत राहा आणि पट्टीवर ठसठशीत गोळा राहू द्या. शिसं गोठताना साधारण साडेतीन टक्के आकसतं. ती तूट या गोळ्यातून भरून निघते. गोळा छोटा ठेवला की वजनाच्या मानेत खड्डा पडतो. शंभर ग्रॅमच्या पुढच्या वजनांत तर गोळ्यावर पुन्हा थोडं गरम शिसं सोडावं लागतं.

वजनात तारेचा डोळा बसवत असाल तर तार हाही थंडपणाचा कोपरा असतो. तारेभोवतीच पोकळी येत असेल तर १८ गेजची पितळी तार आधी रॉकेलच्या फडक्याने पुसा, वाळवा, आणि तव्यावर साच्याशेजारीच तापवत ठेवा.

दुसरी तपासणी: तेल (एक साबणवडी)

गोव्यात लोखंडी वस्तू तेल लावल्याशिवाय ठेवता येत नाही, आणि तेल लावलेल्या साच्यात ओतता येत नाही. वर्षभर साचा जपणारं तेलच सुरकुत्यांचं कारण बनतं. तापल्यावर तेलाची वाफ शिसं आणि साचा यांच्यामध्ये बसते आणि शिशाला धातूला टेकू देत नाही. फडक्याने पुसून ते जात नाही, कारण हवेच्या रेघांत आणि खुंट्यांच्या भोकांत शिरलेलं असतं.

साचा हँडलपासून सोडवा. भांडी घासायच्या साबणाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने रेघांच्या दिशेने घासा, साध्या उकळत्या पाण्यात धुवा. गरम बाहेर काढला की तो स्वतःच्या उष्णतेने बराच वाळतो, पण तेवढ्यावर सोडू नका. तव्यावर शंभर अंशांच्या वर वीस मिनिटं ठेवा. स्क्रूच्या भोकात अडकलेलं पाणी सगळ्यात शेवटी निघतं. लोखंडी साचा धुतल्यावर त्याच दिवशी ओता, नाहीतर दुसऱ्या सकाळी तांबूस झालेला दिसेल.

कापपट्टीच्या बोल्टला थोडं वंगण लागतं, नाहीतर पट्टी साच्याचा माथा खरवडते. बोटीच्या इंजिनाचं टू-स्ट्रोक तेल यासाठी उत्तम आहे आणि आपल्याकडे घरात असतंच. पण किती? कापसाच्या काडीचं टोक तेलात टेकवा, काडी कागदावर पुसा, आणि जे उरलं ते गरम बोल्टला लावा. एवढंच. थेंब टाकलात तर तो गरम माथ्यावर पसरून थेट साच्यात उतरतो आणि पुढची दहा वजनं सुरकुतलेली येतात. शिसपेन्सिलीचं टोक घासलं तरी काम होतं.

साबणाने धुऊनही सुरकुत्या त्याच जागी राहिल्या तर पोकळीला पातळ काजळी धरा. मेणबत्ती किंवा रॉकेलची चिमणी चालेल, राखाडी झाक येईपर्यंतच. काळा जाड थर नको. वजन लहान होतं आणि बारीक नक्षी बुजते.

तिसरी तपासणी: भांड्यातलं शिसं

शुद्ध शिशावर नखाने ओरखडा उठतो. चाकाच्या वजनांचं (गाडीच्या चाकाचा तोल साधायला लावतात त्या वजनांचं) शिसं अँटिमनी या धातूमुळे कडक असतं, त्यावर नख नुसतं घसरतं. समुद्रातल्या वजनांना दोन्ही चालतं. कडक शिसं साच्यात जरा बरं भरतं, मात्र त्याच साच्यात ते किंचित हलकं भरतं.

धोका आहे तो जस्ताचा. आता चाकाची वजनं जस्ताची आणि पोलादाचीही येतात. बऱ्याच वजनांवर पीबी, झेडएन किंवा एफई अशी धातूची रोमन अक्षरं छापलेली असतात. पहिलं म्हणजे शिसं, दुसरं जस्त, तिसरं लोखंड. खूण नसेल तर कटिंग पक्कडीने कोपरा दाबा. शिसं कापलं जातं, जस्तावर जेमतेम ठसा उठतो. तरीही शंका असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या संडास क्लीनरचा एक थेंब टाका. जस्तावर तो फेसाळतो, शिशावर तसा नाही. तपासलेला तुकडा धुऊन, पूर्ण वाळवूनच बाजूला ठेवा.

जस्त ४१९.५ अंशांना वितळतं. म्हणजे आच ३७० च्या आसपास ठेवली तर चुकून गेलेला जस्ताचा तुकडा न वितळता वर तरंगतो आणि झाऱ्याने काढता येतो. आच मोठी ठेवून ‘लवकर वितळू दे’ म्हणणाऱ्याच्या भांड्यात तोच विरघळतो आणि अख्खा घाणा बिघडतो. एकदा विरघळलेलं जस्त घरी वेगळं करायच्या नादी लागू नका. तो घाणा पाट्या पाडून, खूण करून भंगारात द्या आणि भांडं खरवडून स्वच्छ करा.

भांडं चांगलं असेल पण वर राख सतत येत असेल तर चिमूटभर कोरडा लाकडाचा भुसा किंवा मेणाचा छोटा तुकडा टाकून लाकडी काठीने तळापासून ढवळा. मेण भडकतं, तोंड लांब ठेवा. राखेत अडकलेलं चांगलं शिसं खाली उतरतं आणि कोरडी राखाडी पूड वर राहते, ती काढा. ही पूड शिशाच्या धुरापेक्षाही जास्त घातक असते, कारण ती उडते, हाताला लागते आणि तिथून पोटात जाते. झाकणाच्या डब्यात भरा, अंगणात झटकू नका.

शुद्ध शिसं कडा भरत नसेल तर थोडं कथील मदत करतं. एक टक्का पुरतो. दोन किलो शिशाला ६०/४० सोल्डरची सुमारे ३३ ग्रॅम तार टाकली की २० ग्रॅम कथील मिळतं. याहून जास्त टाकण्यात पैसे वाया.

बॅटरीचं शिसं मात्र फुकट मिळालं तरी नको. प्लेटांवर आम्ल आणि शिशाची संयुगं असतात, शिवाय मिश्रधातूत आर्सेनिक, अँटिमनी, कॅल्शियम असू शकतं. त्याच्या राखेला ओल लागली की विषारी वायू सुटण्याचा धोका असतो. जुनी बॅटरी परत देण्याची सोय विक्रेत्याकडे असते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ त्यासाठीच आहेत.

चौथी तपासणी: हवेच्या रेघा

साच्याच्या आतल्या सपाट तोंडांवर केसाएवढ्या बारीक रेघा असतात. त्या सजावट नाहीत. शिसं आत शिरताना हवा तिथून बाहेर पडते. त्या गंज, काजळी किंवा शिशाच्या पापुद्र्याने बुजल्या की हवा कोपऱ्यात अडकते आणि टोक भरत नाही, साचा कितीही तापवा.

बांबूची काडी टोकदार करून रेघ न् रेघ साफ करा. सुई, ब्लेड, स्टीलचा ब्रश नको. पितळी ब्रश लोखंडी साच्यावर हलक्या हाताने चालतो, ॲल्युमिनियमवर तोही नको. गंज असेल तर रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून सकाळी काडीने काढा. त्यानंतर पुन्हा साबणाचा सगळा सोपस्कार आलाच.

इथे काचकागदाचा मोह होतो. सपाट तोंड घासलं की रेघा उथळ होतात आणि दोन्ही पाळ्या मिळून साच्याचा गोल अंडाकृती होतो. घासून गेलेली रेघ परत येत नाही.

पाचवी तपासणी: साचा मिटतो का

जोडावर पापुद्रा येत असेल तर आधी दोन्ही तोंडं तिरप्या उजेडात बघा. वाळूच्या कणाएवढा शिशाचा ठिपका चिकटलेला असतो आणि तोच साचा उघडा ठेवतो. साचा गरम असतानाच कोरड्या सुती फडक्याने किंवा लाकडी काडीने तो सुटतो. मग हँडलचे बोल्ट बघा. ते पूर्ण आवळलेले असतील तर पाळ्यांना आपापली जागा घ्यायला वाव मिळत नाही; किंचित खेळ हवा.

ठिपका नाही, बोल्टही ठीक, तरीही पापुद्रा येतो? साचा थंड असताना मिटून बॅटरीच्या उजेडासमोर धरा. उजेडाची रेघ सगळीकडून दिसते की एकाच टोकाला, हे लिहून ठेवा. मग वहीच्या कागदाच्या चार सारख्या अरुंद पट्ट्या चार कोपऱ्यांत घालून साचा दाबा आणि एकेक ओढा. चारही सारख्या अडल्या तर पाळ्या सपाट आहेत. तीन घट्ट आणि एक सहज निघाली, तर त्या कोपऱ्यात पाळी वाकली आहे. ०.०५ मिलिमीटरचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) असेल तर तेच काम नेमकेपणाने होतं.

एखादा माणूस बाजारात साचा घ्यायच्या आधी एवढं करेल तर पैसे वाचतील. उजेडाची परीक्षा, खुंट्या, पोकळीच्या कडा, आणि दोन्ही पाळ्यांवर आकडा ठोकलेला असेल तर तो सारखाच आहे ना. वेगवेगळ्या साच्यांच्या दोन पाळ्या जोडून विकलेला माल कितीही चकाकला तरी बसत नाही.

सहावी तपासणी: अडकणारं वजन, सरकलेला जोड

वजन एकाच पाळीत अडकत असेल तर पोकळीची कड बोटाच्या पेरावरून अलगद फिरवा. कुणीतरी कधीतरी स्क्रूड्रायव्हरने वजन उचकटलेलं असतं, तिथे कड आत वळून बूर झालेला असतो. गुळगुळीत पोलादी सळईने, उदाहरणार्थ ड्रिल बिटाच्या मागच्या टोकाने, बूर दाबून बसवा. कापायचा नाही, दाबायचा. शेवटी फक्त त्या बिंदूला १००० नंबरचा पॉलिश पेपर दोन वेळा लावा, पुरे.

साचा ठोकून वजन पाडायची सवय असेल तर ठोकायची जागा एकच: हँडलचा बिजागरीचा बोल्ट, तोही लाकडी ठोकण्याने. पाळ्यांवर ठोकलं की खुंट्या झिजतात, आणि जोडावर पायरी येण्याचं कारण बहुधा हेच असतं. जुन्या लोखंडी साच्यात खुंटी मागून हळूच ठोकून केसभर पुढे काढता येते. केसभर जास्त झाली तर साचा मिटतच नाही, मग पायरीऐवजी पापुद्रा. ज्याच्याकडे मोजायचं साधन नाही त्याने हे करू नये.

इथे थांबा

कागदाच्या परीक्षेत पाळी वाकलेली ठरली, खुंट्या सैल आहेत, पोकळीत खोल गंजाचे खड्डे आहेत किंवा कापपट्टी वाकली आहे, तर घरचं काम संपलं. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, जिथे जवळ पडेल त्या औद्योगिक वसाहतीतल्या चांगल्या लेथवाल्याकडे किंवा टूलरूममध्ये जा. त्याला ‘घासून सपाट कर’ असं सांगू नका. कागदाची कुठली पट्टी सुटली ते दाखवा, खुंट्या आणि बुशिंग (खुंट्या ज्यात बसतात त्या कड्या) बदलायला सांगा, कापपट्टी नवी मागा, आणि हवेच्या रेघांना हात लावू नको असं स्पष्ट सांगा. तडा गेलेला साचा वेल्डिंग करून वापरू नये. तापल्यावर तो कुठे उघडेल याचा भरवसा नाही. नवा ॲल्युमिनियमचा साचा बऱ्याचदा दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतो. जुना साचा पितळी आणि देखणा असेल तर पुसून शोकेसमध्ये ठेवा.

शिसं अंगावर उडालं तर भाजलेला भाग वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. चिकटलेलं शिसं ओढून काढू नका, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका. डोळ्याला लागलं असेल किंवा तळहाताहून मोठा भाग असेल तर लगेच १०८.

नियमित ओतणाऱ्याने वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्यावं. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. सतत पोटदुखी, बद्धकोष्ठ, थकवा, हातात कमजोरी असेल तर वार्षिक तपासणीची वाट न बघता डॉक्टरकडे जा आणि शिशाचं काम करता हे आधी सांगा; ते सांगितल्याशिवाय कुणाला सुचत नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्या घराच्या आवारात ओतकाम नकोच. ओतल्यानंतर हात साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा, आणि तोपर्यंत विडी, सिगारेट, चहा काहीही नाही.

साचा ठेवताना शेवटचं वजन आतच राहू द्या, बाहेरून तेलाचा हात फिरवा, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद करा. डब्यावर चिठ्ठी लावा: ‘तेल लावलं आहे, ओतण्याआधी धुणे’.